सूर्याचा किरीट : विजयदुर्ग ते नेपरव्हिल

१० मे २०२४, शुक्रवारची रात्र. आपल्यापैकी अनेकांनी ती घराबाहेर उभे राहून काढली असेल, आणि ज्यांना झोप लागली त्यांनी दुसऱ्या दिवशी इतरांचे फोटो पाहून हळहळ केली असेल. नेपरव्हिलच्या आकाशात आधी पांढुरके धुके पसरल्यासारखे वाटले. फोनचा कॅमेरा वर धरला की त्याच धुक्याचे गुलाबी आणि हिरवे पडदे दिसू लागत. जो ध्रुवप्रकाश पाहायला लोक अलास्का नाहीतर नॉर्वे गाठतात, तो त्या रात्री आपल्या डोक्यावर आला होता. इंग्रजीत त्याला 'अरोरा' म्हणतात. बालाजीच्या देवळात जाताना शेजारच्या गावाच्या पाटीवर हे नाव आपण नेहमीच वाचतो, पण त्या नावाची वस्तू तिथल्या आकाशात पाहायला मिळेल असे कोणाला वाटले होते?

आम्ही घरामागच्या गवतावर उभे होतो. माझी आई तेव्हा भारतातून आलेली होती. मुलीने विचारले, "बाबा, वर काय जळतंय?"

जळत काहीच नव्हते. पण हे समजावून सांगायला मला त्या रात्री जमले नाही. पुढे शरद ऋतूत तिच्या शाळेत विज्ञानाचा प्रकल्प आला, तेव्हा दोघांनी मिळून बसून वाचले. त्या वाचनातून जे हाती लागले ते या लेखात मांडतो आहे. त्यात एक घरगुती भांडणही आहे, ते ओघाने येईलच.

शाळेत आपण पदार्थाच्या तीन अवस्था शिकलो: घन, द्रव आणि वायू. बर्फ तापवला की पाणी, पाणी तापवले की वाफ. वाफ आणखी तापवत गेलो तर? आधी पाण्याचे रेणू फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू सुटे होतात. त्याहून तापवले की अणूंची आपसातली टक्कर इतकी जोरात होते की अणूच्या बाहेरचे इलेक्ट्रॉन निखळतात. उरतो तो धन विद्युतभाराचा आयन. असे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन यांचे मिश्रण म्हणजे प्लाझ्मा. एकूण हिशेब केला तर त्यात धन आणि ऋण भार सारखाच असतो, पण ते एकमेकांना बांधलेले नसतात. त्यामुळे प्लाझ्मातून वीज वाहते आणि चुंबक त्याला ढकलू शकतो, वळवू शकतो. साध्या हवेला चुंबकाचे काहीच वाटत नाही. प्लाझ्माचा मोठा समूह मात्र चुंबकीय क्षेत्राच्या तालावर एकत्र हलतो. म्हणूनच त्याला वेगळी अवस्था मानतात.

हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विंग लँगम्युअर यांनी १९२८ मध्ये दिले. रक्तातला प्लाझ्मा आपल्याला डॉक्टरांमुळे आधीच माहीत असतो. लँगम्युअर यांच्या डोक्यात तोच होता असे सांगतात: रक्तातला द्रव जसा पेशी वाहून नेतो तसे हे माध्यम विद्युतभारित कण वाहून नेते. उपमा काही फार चांगली नाही, आणि तिच्यामुळे झालेला गोंधळ आजपर्यंत पुरला आहे.

प्लाझ्मा पाहायला लांब जायला नको. पावसाळ्यात चमकणारी वीज प्लाझ्मा, दुकानावरची निऑनची पाटी प्लाझ्मा, आपल्या भारतातल्या घरातली जुनी ट्यूबलाइट प्लाझ्मा. निरांजनाची ज्योत मात्र फारशी नाही. तिचा पिवळा उजेड तापलेल्या काजळीच्या कणांचा असतो आणि तिच्यात आयन अगदी थोडे असतात. पंचमहाभूतांतले 'तेज' म्हणजेच प्लाझ्मा, आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होते, असे लेख अशा स्मरणिकांमधून मी वाचले आहेत. मला ते पटत नाहीत. पंचमहाभूतांची कल्पना स्वतःच्या जागी मोठी आहे. तिला लँगम्युअरच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

आता खरा प्रश्न. सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर. तिथे काय आहे हे कोणाला, कसे कळले? याचे उत्तर वर्णपटात आहे. उजेड लोलकातून नेला की त्याचे रंग वेगळे होतात. जुन्या सीडीवर दिवा पाहिला तरी हे थोडेफार दिसते. तापलेल्या दाट वस्तूचा उजेड असेल तर सगळे रंग सलग येतात. पण विरळ वायू चमकत असेल तर मोजक्या ठिकाणी बारीक रेषा दिसतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी असतात. सोडियमच्या दोन पिवळ्या, हायड्रोजनची एक तांबडी, अशा. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखावा तसे या रेषांवरून मूलद्रव्य ओळखता येते.

१८ ऑगस्ट १८६८ या दिवशी खग्रास सूर्यग्रहण झाले. श्रावणातली अमावास्या होती, गणपती तीन-चार दिवसांवर आले होते. चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावरून चढून विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणम अशी पूर्वेला गेली. या पट्ट्यात युरोपातले निरीक्षक दुर्बिणी आणि वर्णपटदर्शक घेऊन बसले होते. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते. पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते, प्रसिद्ध हर्शेल घराण्यातले. त्यांना ढगांच्या फटीतून जेमतेम पाहायला मिळाले. ऑगस्टातले आपल्याकडचे आभाळ, दुसरे काय होणार! तरी चंद्राच्या काळ्या तबकडीच्या कडेला उसळलेल्या सौरज्वाला दिसल्या आणि त्यांच्या वर्णपटात सुट्या, तेजस्वी रेषा आढळल्या. म्हणजे या ज्वाला चमकणाऱ्या विरळ वायूच्या होत्या. रेषांपैकी एक पिवळी होती. बहुतेकांनी ती सोडियमची धरली.

तिकडे लंडनमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी ग्रहण नसतानाच सौरज्वालांचा वर्णपट पाहण्यात यश मिळवले. जान्सेन यांनी तीच युक्ती ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी गुंटूरला साधली होती, पण त्यांचे पत्र समुद्रमार्गे जात होते. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोहोचली. श्रेय दोघांना मिळाले. मात्र ती पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर नेमकी बसत नाही, आणि पृथ्वीवरच्या कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नाही, हा मुद्दा लॉकयर यांनी लावून धरला. सूर्याच्या ग्रीक नावावरून या अज्ञात द्रव्याला 'हेलियम' म्हटले गेले. अनेक रसायनशास्त्रज्ञांनी त्यांची थट्टा केली. १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांना युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली, तेव्हा थट्टा थांबली.

आता घरातले भांडण. माझी आई देवगड तालुक्यातली. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, लॉकयरसाहेबांनी १८ ऑगस्ट १८६८ ला तिथून ग्रहण पाहिले, गडावर 'साहेबाचे ओटे' अजून आहेत, हे तिने लहानपणापासून ऐकलेले. गेली काही वर्षे त्या तारखेला गडावर हेलियम दिनही साजरा होत आला आहे. आजीकडून ऐकून नातीने प्रकल्पात मोठ्या अभिमानाने लिहिले की हेलियम माझ्या आजीच्या किल्ल्यावर सापडला. शाळेतल्या बाईंनी बाजूला एवढेच लिहून पाठवले: हे कुठे वाचलेस?

आम्ही शोधायला बसलो. १८६८ च्या ऑगस्टात लॉकयर इंग्लंडमध्ये होते. भारतात ते ग्रहणासाठी आले १८७१ साली, केरळातल्या बेकलला, आणि पुन्हा आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्या वेळी मात्र ते खरोखरच विजयदुर्गावर होते. 'मेल्पोमिनी' या आरमारी जहाजाचे खलाशी मदतीला होते. दुर्बिणींना पक्की बैठक लागते. तेव्हा ते ओटे या मोहिमेतले मानणेच सुसंगत ठरते. पण तोवर हेलियम रॅम्से यांच्या प्रयोगशाळेत सापडून तीन वर्षे होत आली होती.

आईला हे आवडले नाही. दोन दिवस ती माझ्याशी बेताचेच बोलली. मला स्वतःला वाटते की खरी हकिकत काही कमी नाही. १८९८ च्या त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला आपली उपकरणे घेऊन गेले होते आणि त्यांनी त्याचा सविस्तर अहवाल छापला. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची मोहीमही जेऊरलाच उतरली होती. एका भारतीयाने स्वतःच्या वेधशाळेच्या जोरावर पाश्चात्त्यांच्या बरोबरीने केलेली ही निरीक्षणे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. जे घडले नाही ते मात्र दर ऑगस्टात फोनवर फिरत राहते.

सूर्याकडे परत येऊ. १८६८ च्या ग्रहणानंतर वर्ष पुरे व्हायच्या आत, ७ ऑगस्ट १८६९ ला, खग्रास सावली आपल्या भागातून गेली: आयोवा, इलिनॉयमधले स्प्रिंगफील्ड, पुढे केंटकी. आयोवातल्या बर्लिंग्टनला चार्ल्स यंग आणि दे मॉइनला विल्यम हार्कनेस यांनी वर्णपटदर्शक सौरज्वालांऐवजी किरीटाकडे वळवला. किरीट म्हणजे ग्रहण लागल्यावर काळ्या सूर्याभोवती दिसणारे मोत्यासारखे पांढरे तेज. २०१७ आणि २०२४ मध्ये नेपरव्हिलहून तीनशे मैल गाडी हाकून जे कार्बनडेलला गेले त्यांनी ते पाहिले आहे. २०२४ च्या ८ एप्रिलला आपल्याकडे सुमारे ९४ टक्के सूर्य झाकला गेला, पण उरलेल्या सहा टक्क्यांच्या उजेडात किरीट पार बुडून जातो. कार्बनडेलला तो चार मिनिटांहून थोडा अधिक वेळ दिसला.

यंग आणि हार्कनेस यांना किरीटात एक हिरवी रेषा दिसली, ५३०.३ नॅनोमीटरची. तीही कोणत्याच ज्ञात द्रव्याशी जुळेना. हेलियमचे उदाहरण समोर असल्यामुळे पुढे या द्रव्याचेही नामकरण झाले: 'कोरोनियम'. पण ते पृथ्वीवर काही केल्या सापडेना, आणि मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्याला जागाही उरली नाही. सत्तर वर्षे असेच गेले. १९४० च्या सुमारास जर्मनीचे ग्रोट्रियान आणि स्वीडनचे एडलेन यांनी कोडे सोडवले. ती रेषा लोखंडाची होती! फक्त साध्या लोखंडाची नव्हे. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. हे लोखंड त्यातले १३ गमावून बसलेले होते.

म्हणजे एकाच युक्तिवादातून निघालेला हेलियम खरा ठरला आणि कोरोनियम खोटा. पण खोट्या कोरोनियमने अधिक मोठी गोष्ट दाखवली. अणूचे निम्मे इलेक्ट्रॉन उपटून काढायला लागणारे तापमान १० ते २० लाख अंशांचे आहे. सूर्याचा पृष्ठभाग असतो सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस. चुलीपासून दूर जावे तसे थंड वाटायला हवे. इथे दूर गेल्यावर शेकडो पटींनी अधिक ताप.

मुलीने इथे विचारले की मग किरीट इतका फिका कसा? दिवाळीतली फुलबाजी आठवा. तिच्या ठिणग्या हजारेक अंशांच्या असतात, त्या हातावर उडतात आणि आपण हसतो. शंभर अंशांचे उकळते पाणी मात्र हात भाजून काढते. तापमान म्हणजे प्रत्येक कणाची धावपळ. उष्णता म्हणजे सगळ्या कणांची मिळून ऊर्जा. किरीटातले कण अतिशय वेगवान आहेत, पण आपल्या श्वासातल्या हवेपेक्षा तो प्लाझ्मा अब्जावधी पटींनी विरळ आहे. ट्यूबलाइटमध्येही हेच: आतले इलेक्ट्रॉन हजारो अंशांचे, तरी नळी हाताला जेमतेम कोमट लागते. किरीट नेमका कशाने तापतो, चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या लाटांनी की असंख्य छोट्या स्फोटांनी, यावर आजही शास्त्रज्ञांत एकमत नाही.

पुढची गोष्ट शिकागो विद्यापीठातली, म्हणजे आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावरची. तिथला तिशीतला यूजीन पार्कर या प्रश्नाशी झगडत होता की इतका तापलेला किरीट सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाला बांधून राहील तरी कसा. त्याच्या गणितात उत्तर आले की राहणार नाही. दूध उतू जावे तसा तो सतत बाहेर वाहत असणार. आणि सूर्याभोवतीच्या अवकाशात त्याला अडवील असे जड झाकण नाही. वाहताना त्याचा वेग वाढत वाढत सेकंदाला शेकडो किलोमीटर होणार. याला पार्करने 'सौरवारा' असे नाव दिले. १९५८ मध्ये लेख 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल'कडे गेला. दोन परीक्षकांनी तो फेटाळला.

या नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांना स्वतःलाही ही कल्पना रुचलेली नव्हती. पण परीक्षकांनी गणितात चूक दाखवली आहे का, एवढेच त्यांनी पाहिले. चूक कोणी दाखवली नव्हती. नुसते अशक्य म्हटले होते. चंद्रशेखरांनी लेख छापला. १९३५ साली लंडनमध्ये भर सभेत एडिंग्टन यांनी त्यांच्या श्वेतबटूंवरच्या गणिताची खिल्ली उडवली होती, आणि तेच काम पुढे नोबेलपर्यंत गेले, हे आपल्याला माहीत आहे. तो अपमान १९५८ मध्ये त्यांच्या मनात होता की नाही हे मी सांगू शकत नाही. मला आपले वाटते की असणार. चारच वर्षांनी, १९६२ मध्ये, शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने वाटेत सौरवारा सलग मोजला.

तर १० मेची रात्र अशी घडली. सूर्यावरच्या डागांच्या एका मोठ्या समूहातून प्लाझ्माचे एकामागून एक प्रचंड लोट सुटले. सौरवाऱ्यासोबत आलेले चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय कवचाशी भिडले. कवचात साठलेली ऊर्जा मोकळी झाली आणि इलेक्ट्रॉन वेगाने वातावरणात घुसले. सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन त्यांच्या माराने हिरवा चमकतो, दोनशेच्या वर तांबडा. निऑनच्या पाटीत जे चालते तेच, फक्त पाटी आकाशाएवढी. इतके तीव्र सौरवादळ त्याआधी २००३ च्या ऑक्टोबरात आले होते.

पृथ्वी, चंद्र, आपण आणि आपले मोदक हे विश्वातले अपवाद आहेत. तारे प्लाझ्माचे, बरेचसे तेजोमेघ प्लाझ्माचे, दीर्घिकांमधल्या पोकळीतला अतिविरळ वायूही प्लाझ्माच. महास्फोटानंतरची पहिली सुमारे ३,८०,००० वर्षे तर सगळेच विश्व प्लाझ्मा होते. सुट्या इलेक्ट्रॉनांवर आपटून प्रकाश अडकून पडे, धुक्यात दिवा अडकावा तसा. पुढे विश्व थंड झाले, इलेक्ट्रॉन अणूंत बसले आणि प्रकाश मोकळा झाला. १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांनी जाहीर केलेले वैश्विक पार्श्वप्रारण ते हेच. 'विश्वाचा ९९ टक्के भाग प्लाझ्मा' असे वाक्य आपण वाचतो ते फक्त साध्या पदार्थापुरते. विश्वाच्या एकूण हिशेबात साधा पदार्थ पाच टक्क्यांच्या आसपास आहे. उरलेले कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा.

मुले हल्ली 'विश्व गुरुत्वाकर्षणाने नाही, विजेने चालते' असे व्हिडिओ दाखवतात. त्यात हान्नेस आल्फव्हेन यांचे नाव हमखास येते. आल्फव्हेन मोठेच, प्लाझ्मातल्या चुंबकीय लाटा त्यांनी १९४२ मध्ये भाकीत केल्या आणि १९७० चे नोबेल मिळवले. त्या लाटा मोजल्या गेल्या म्हणून मान्य झाल्या. त्यांची विश्वरचनेची कल्पना मात्र पार्श्वप्रारणाचे स्पष्टीकरण देऊ शकली नाही, म्हणून मागे पडली. नोबेल तिथे कामी येत नाही.

१२ ऑगस्ट २०१८ ला 'पार्कर सोलर प्रोब' झेपावले तेव्हा ९१ वर्षांचे यूजीन पार्कर फ्लोरिडात हजर होते. एप्रिल २०२१ मध्ये त्या यानाने प्रथम किरीटात प्रवेश केला. पार्कर २०२२ च्या मार्चमध्ये गेले. २४ डिसेंबर २०२४ ला यान सूर्याच्या पृष्ठभागापासून अवघ्या ६१ लाख किलोमीटरवरून गेले, ताशी सुमारे ६ लाख ९० हजार किलोमीटर वेगाने. या वेगाने नेपरव्हिलहून शिकागोला पाव सेकंद लागेल, किमान आयझनहॉवरवर गर्दी नसताना. भारताचे 'आदित्य-एल१' २ सप्टेंबर २०२३ ला निघाले आणि ६ जानेवारी २०२४ ला पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोहोचले. त्याची अतिनील दुर्बीण पुण्याच्या 'आयुका'त तयार झाली. बंगळुरूमध्ये बनलेले दुसरे उपकरण सूर्याची तबकडी झाकून रोजच कृत्रिम ग्रहण घडवते, आणि ज्या रेषा तपासते त्यांत ५३०.३ नॅनोमीटरची ती हिरवी रेषा आहे, आयोवात सापडलेली.

मुलीने प्रकल्पातले वाक्य बदलले. आता तिथे लिहिले आहे की हेलियमची रेषा ज्या ग्रहणात दिसली त्याची सावली माझ्या आजीच्या किनाऱ्यावरून गेली, आणि तीस वर्षांनी लॉकयर तिथे आले. आईला मी ते मराठीत वाचून दाखवले. तिने चष्मा काढला, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग तो दिवस बावीस जानेवारीलाच करा म्हणावं. अठरा ऑगस्टला गडावर छत्रीसुद्धा टिकत नाही."